व्हाइटहॉर्स की यलोनाइफ : कॅनडाच्या उत्तरेत राहायला जाण्यापूर्वी

टोरंटो, कॅलगरी किंवा व्हँकुव्हर येथे काही वर्षे काढलेल्या मराठी कुटुंबांपुढे कधीतरी उत्तरेकडील नोकरीचा प्रस्ताव येतो. रुग्णालये, शाळा, अभियांत्रिकी आणि प्रादेशिक सरकारची निरनिराळी खाती यांना तिकडे माणसांची गरज सतत भासते, आणि असा प्रस्ताव बहुतेक वेळा दोन शहरांपैकी एकातून आलेला असतो : युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स किंवा नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी यलोनाइफ. निर्णय घेताना पगार, घरभाडे आणि तापमान यांचे हिशेब मांडले जातात, आणि ते मांडायलाच हवेत. परंतु उत्तरेत गेलेले कुटुंब तिथे रुजते की पहिल्या संधीला परत फिरते, हे माझ्या मते एका वेगळ्याच प्रश्नावर अवलंबून असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात कामावरून सुटल्यावर, बाहेर अंधार असताना, तुम्ही काय करणार आणि कोणाच्या संगतीत करणार? पुढील तुलना मुख्यतः याच प्रश्नाला धरून केली आहे.

आकड्यांवरून ही दोन शहरे सख्ख्या बहिणींसारखी वाटतात. २०२१ च्या जनगणनेनुसार व्हाइटहॉर्सची लोकसंख्या सुमारे २८ हजार आणि यलोनाइफची सुमारे २० हजार आहे. संपूर्ण युकॉन आणि संपूर्ण नॉर्थवेस्ट टेरिटरीज यांची लोकसंख्याही प्रत्येकी ४० हजारांच्या आसपास भरते. म्हणजे दोन्हीकडे प्रदेशातील निम्मी किंवा त्याहून अधिक माणसे एकाच शहरात राहतात आणि उरलेली अफाट पसरलेल्या भूमीवर छोट्या वस्त्यांमधून विखुरलेली आहेत. प्रत्यक्षात मात्र दोन्ही शहरांची घडण वेगळ्या कारणांनी झाली आहे आणि तिथल्या सामाजिक जीवनावर त्या कारणांची छाप आजही स्पष्ट दिसते.

व्हाइटहॉर्स हे वाटेवरचे शहर आहे. १८९६ मध्ये क्लोंडाइकच्या परिसरात सोने सापडले, त्यानंतर हजारो माणसे युकॉन नदीच्या प्रवाहाने डॉसनकडे निघाली, आणि नदीतील धोकादायक खळाळ जिथे संपत होते तिथे हे गाव वसले. पुढे १९४२ मध्ये अलास्का महामार्ग याच गावावरून गेला आणि १९५३ मध्ये राजधानी डॉसनहून इथे हलली. यलोनाइफ हे खाणीचे शहर आहे. १९३० च्या दशकात ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तर काठावर सोने सापडले, त्याभोवती वस्ती झाली, १९६७ मध्ये ती राजधानी झाली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोन्याची जागा हिऱ्यांनी घेतली. वाटेवरच्या शहरात माणूस आसपासच्या मुलखाकडे पाहत राहतो. खाणीच्या शहरात, जिथे दशकानुदशके विमानाशिवाय ये-जा कठीण होती, माणसे एकमेकांकडे पाहत राहिली. हा फरक थोडा ठोकळेबाज वाटेल, पण दोन्ही ठिकाणच्या करमणुकीच्या सवयी पाहिल्यावर तो पटतो.

हिवाळ्याचा खरा अर्थ

एक गैरसमज आधी दूर करावा. दोन्ही शहरे आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे दोन्हीकडे सूर्य रोज उगवतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हाइटहॉर्सला साडेपाच तासांच्या आसपास आणि यलोनाइफला सुमारे पाच तास दिवस असतो. जूनमध्ये हेच प्रमाण १९ आणि २० तासांवर जाते. प्रकाशाच्या बाबतीत म्हणूनच फारसा फरक नाही. थंडीच्या बाबतीत तो बराच आहे. जानेवारीचे सरासरी तापमान व्हाइटहॉर्सला उणे १५ अंशांच्या आसपास, तर यलोनाइफला उणे २५ अंशांच्या आसपास असते. उणे १५ अंशांत नीट कपडे घातलेले मूल तासभर बाहेर खेळू शकते. उणे ३० अंशांत तोच खेळ थोड्या वेळात आवरता घ्यावा लागतो आणि गाडीचे इंजिन गरम ठेवण्यासाठी तिला विजेची वायर लावून ठेवणे हा रोजच्या दिनक्रमाचा भाग होतो. व्हाइटहॉर्सलाही उणे ४० अंशांचे दिवस येतात, पण तिथे मधूनच पॅसिफिककडून येणारे उबदार वारे थंडीची पकड सैल करतात. यलोनाइफची थंडी स्थिर, कोरडी आणि दीर्घकाळ टिकणारी आहे.

याच स्थिर थंडीची दुसरी बाजू म्हणजे निरभ्र आकाश. सपाट भूप्रदेश, कोरडी हवा आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालील नेमके स्थान यांमुळे यलोनाइफला ध्रुवीय प्रकाश व्हाइटहॉर्सपेक्षा अधिक खात्रीने दिसतो. पर्यटकासाठी हा मुद्दा निर्णायक ठरेल. राहायला जाणाऱ्याने त्याला फार वजन देऊ नये, कारण दोन्ही शहरांत तो पुरेसा दिसतो आणि केवळ त्याच्यावर कोणाचा हिवाळा निघत नाही.

हिवाळा निघतो तो संध्याकाळच्या कार्यक्रमांवर. व्हाइटहॉर्सची बाजू इथे सोयींच्या दृष्टीने निर्विवाद वरचढ आहे. २००७ मध्ये तिथे कॅनडाच्या हिवाळी क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्यानिमित्ताने उभे राहिलेले कॅनडा गेम्स सेंटर हे आज शहराचे खरे चावडीघर आहे. पोहण्याचा तलाव, बर्फावरील मैदाने, धावपट्टी आणि लहान मुलांसाठी खेळण्याची जागा हे सारे एका छताखाली असल्यामुळे आईवडील, आजीआजोबा आणि मुले एकाच फेरीत आपापले उद्योग उरकू शकतात. शहराच्या कडेला माउंट मॅकिंटायर येथे ८० किलोमीटरहून अधिक लांबीच्या आखलेल्या स्कीवाटा आहेत आणि त्यांतील काही भाग दिव्यांनी उजळलेला असल्यामुळे कामावरून सुटल्यावरही तिथे जाता येते. उतारावरील स्कीइंगसाठी माउंट सिमा आहे. या सर्व ठिकाणी कोणाची ओळख लागत नाही. वर्गणी भरली, साहित्य भाड्याने घेतले, की सुरुवात करता येते. मितभाषी माणसाला हे फार सोयीचे पडते.

यलोनाइफमध्येही स्की क्लब आहे, बर्फावरील मैदाने आहेत, फ्रेम लेकभोवती चालण्याची सुंदर वाट आहे. तरीही तिथल्या हिवाळ्याचे केंद्र इमारतीत नाही, ते गोठलेल्या सरोवरावर आहे. ग्रेट स्लेव्ह हे उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल सरोवर, ६१४ मीटर खोलीचे. त्याचा यलोनाइफ बे हा भाग गोठला की शहराला एक नवे पटांगण मिळते. त्यावर माणसे चालतात, स्की करतात, स्नोमोबाइल चालवतात, भोक पाडून मासे धरतात, आणि याच उपसागरात रंगीबेरंगी हाउसबोटींमधून वर्षभर राहणारी कुटुंबे आपल्या दाराशी थेट गाडी नेतात. बर्फ धरताना आणि वितळताना काही आठवडे असे येतात की या हाउसबोटींकडे होडीनेही जाता येत नाही आणि पायीही जाता येत नाही. त्या काळात शेजारधर्म ही तिथे जगण्याची गरज असते.

मार्च महिन्यात याच बर्फावर स्नोकिंगचा हिवाळी महोत्सव भरतो. सरोवरातून कापलेल्या बर्फाच्या लाद्या आणि दाबून घट्ट केलेला हिम यांतून खराखुरा किल्ला बांधला जातो, त्याच्या खिडक्यांना पारदर्शक बर्फाच्या काचा बसतात, आत मुलांच्या घसरगुंड्या, संगीताचे कार्यक्रम आणि नाच होतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात एका हाउसबोटवाल्याने आणि त्याच्या मित्रांनी मुलांसाठी सुरू केलेला हा उद्योग आज शहराचा मुख्य उत्सव झाला आहे. दिवाळीत अंगणात किल्ला बांधणाऱ्या मराठी मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की हा किल्ला मोठी माणसे आठवडेच्या आठवडे खपून बांधतात आणि एप्रिलच्या उन्हात तो जातो.

व्हाइटहॉर्सचा हिवाळी उत्सव म्हणजे फेब्रुवारीतील युकॉन सावरडो रॉन्देव्हू. त्यात सोन्याच्या शोधाच्या काळातील पोशाख, लाकूड फेकण्याच्या आणि पिठाची पोती पाठीवर वाहण्याच्या स्पर्धा, नाचगाणी असे सारे असते. तो मौजेचा आहे, परंतु माझे मन स्नोकिंगकडे अधिक झुकते. रॉन्देव्हूमध्ये शहर आपला भूतकाळ उभा करते आणि नवागताला त्याचे प्रेक्षक व्हावे लागते. स्नोकिंगच्या किल्ल्यात काल आलेला माणूसही फावडे हाती घेऊ शकतो.

कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यतींतही दोन शहरांचे स्वभाव उमटतात. १९८४ मध्ये सुरू झालेली युकॉन क्वेस्ट ही शर्यत व्हाइटहॉर्स आणि अलास्कातील फेअरबँक्स यांच्यामध्ये सुमारे १,६०० किलोमीटर धावत असे. २०२२ नंतर दोन्ही देशांतील आयोजक वेगळे झाले आणि तिचे स्वरूप आटोपशीर झाले. अशा शर्यतीत गाडी शहरातून निघते आणि रानात दिसेनाशी होते. यलोनाइफची १९५५ पासून चालत आलेली डॉग डर्बी मात्र तीन दिवसांची असते. गाड्या रोज सरोवरावरून जाऊन रोज परत येतात आणि गावकरी काठावर उभे राहून आपापल्या ओळखीच्या चालकाला हाका मारतात.

उन्हाळा आणि बाहेरचा मुलूख

उन्हाळ्यात पारडे व्हाइटहॉर्सकडे झुकते आणि ते बरेच झुकते. शहराभोवती डोंगर आहेत, पायवाटांचे आणि सायकलवाटांचे जाळे आहे, मधून नदी वाहते. पश्चिमेला दीडशे किलोमीटरच्या आसपास हेन्स जंक्शन आहे आणि तिथून क्लुएन राष्ट्रीय उद्यान सुरू होते, ज्यात कॅनडाचे सर्वोच्च शिखर, ५,९५९ मीटर उंचीचे माउंट लोगन आहे. दक्षिणेला दोन-अडीच तासांत समुद्रकाठचे स्कॅगवे गाठता येते. जूनअखेरीस व्हाइटहॉर्सहून डॉसनपर्यंत नदीतून ७१५ किलोमीटर वल्हवत जाण्याची युकॉन रिव्हर क्वेस्ट ही शर्यत होते, त्याच महिन्यात हेन्स जंक्शनहून अलास्कातील हेन्सपर्यंत सायकलींची रिले होते, आणि सप्टेंबरमध्ये स्कॅगवेहून व्हाइटहॉर्सपर्यंत रात्रभर धावण्याची क्लोंडाइक रोड रिले होते. या रिले शर्यतींत कार्यालयातील सहकारी, शाळेतील पालक, रुग्णालयातील परिचारिका संघ करून उतरतात आणि महिनोन्महिने एकत्र सराव करतात. नव्या माणसाच्या ओळखी होण्याचा व्हाइटहॉर्समधील सर्वांत भरवशाचा मार्ग हाच आहे.

भारतीय पारपत्र असलेल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्कॅगवे आणि हेन्स ही दोन्ही गावे अमेरिकेत आहेत. कॅनडाचे स्थायी रहिवासी असलात तरी भारतीय नागरिक म्हणून तुम्हाला अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर व्हाइटहॉर्सच्या सामाजिक जीवनातील दोन प्रमुख शर्यती आणि समुद्रावरची सहल या तिन्ही गोष्टींत तुम्हाला अडचण येईल, म्हणून उत्तरेकडे जाण्यापूर्वीच, दक्षिणेत असताना, व्हिसाचे काम उरकलेले बरे.

यलोनाइफभोवती डोंगर नाहीत. कॅनेडियन शील्डचे प्राचीन, गुळगुळीत खडक, त्यांतून वाढलेली खुजी झाडे आणि मोजता येणार नाहीत इतकी तळी असा तो मुलूख आहे. ज्याला होडी, मासेमारी आणि तंबू यांची आवड आहे त्याला याहून चांगली जागा मिळणे कठीण. ज्याला उंची चढायची आहे त्याची तिथे निराशा होते. शहराच्या पूर्वेला इंग्रॅहम ट्रेल नावाचा सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता तळ्यांच्या काठाने जातो आणि टिबिट तळ्याशी संपतो. हिवाळ्यात तिथूनच हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा बर्फावरचा रस्ता सुरू होतो. दक्षिणेकडे एडमंटन सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. २०१२ मध्ये मॅकेंझी नदीवर डेह चो पूल झाला. त्यापूर्वी बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या काळात नदी ओलांडणारी फेरीबोटही बंद आणि बर्फाचा रस्ताही बंद, अशा स्थितीत शहर जमिनीवरून काही आठवडे तुटलेले असे आणि भाजी विमानाने येई. आता तो प्रश्न मिटला आहे. जुलैमध्ये लाँग लेकच्या काठी वाळूवर भरणारा फोक ऑन द रॉक्स हा संगीत महोत्सव मात्र जरूर अनुभवावा. १९८० पासून तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आणि त्यात उत्तरेकडील आदिवासी समाजांचे गायक-वादक दक्षिणेतील नामवंतांच्या बरोबरीने मंचावर असतात.

यलोनाइफविषयी एक अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगणे मी आवश्यक समजतो. १९४८ ते २००४ या काळात चाललेल्या जायंट माइन या सोन्याच्या खाणीत सुमारे २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड जमिनीखाली साठवलेले आहे आणि त्याच्या बंदोबस्ताचे मोठे सरकारी काम चालू आहे. पूर्वी धुराड्यातून बाहेर पडलेल्या आर्सेनिकमुळे शहराजवळच्या काही तळ्यांतील पाणी पिणे, मासे धरणे आणि काही जागी रानफळे किंवा अळंबी गोळा करणे टाळावे, असा सल्ला आरोग्य खाते देते. नळाचे पाणी सुरक्षित आहे आणि दूरच्या तळ्यांना हा प्रश्न लागू नाही. पण मुलांना घेऊन रानफळे वेचायला जाणार असाल तर आधी खात्याचा नकाशा पाहणे हा तिथल्या जीवनाचा भाग आहे. १९५१ मध्ये आर्सेनिकमिश्रित पाण्यामुळे यलोनाइव्ह्ज डेने या तिथल्या आदिवासी समाजातील एका बालकाचा मृत्यू झाला होता, आणि तो समाज हे विसरलेला नाही.

यजमान कोण

या मुद्द्याकडे दक्षिणेतून येणारी बहुतेक कुटुंबे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते तिथेच ती सर्वाधिक गमावतात. दोन्ही शहरे आदिवासी समाजांच्या भूमीवर उभी आहेत आणि तिथले सांस्कृतिक जीवन त्यांच्यावाचून समजत नाही. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये जवळजवळ निम्मी लोकसंख्या आदिवासी आहे, तर युकॉनमध्ये हे प्रमाण पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक आहे. परंतु संख्येवरून जेवढा तर्क करावा तेवढे चित्र सरळ नाही.

युकॉनमध्ये १९७३ साली एलायजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी प्रमुख ओटावाला गेले आणि त्यांनी पंतप्रधान पिअर ट्रुडो यांच्यासमोर आपल्या भूमीविषयीचे निवेदन ठेवले. त्यातून सुरू झालेल्या वाटाघाटींची चौकट १९९३ मध्ये ठरली आणि आज युकॉनच्या १४ आदिवासी राष्ट्रांपैकी ११ राष्ट्रांची स्वतःची सरकारे आहेत. व्हाइटहॉर्समध्ये क्वानलिन डुन आणि ताआन क्वाचान ही दोन राष्ट्रे यजमान आहेत. शहर वाढत असताना ज्या क्वानलिन डुन लोकांना पुन्हा पुन्हा आपल्या जागेवरून हलवले गेले, त्यांनी २०१२ मध्ये नदीकाठी आपले भव्य सांस्कृतिक केंद्र उघडले, आणि शहराचे सार्वजनिक वाचनालय त्याच वास्तूत आहे. ही योजना मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. पुस्तक बदलायला गेलेले मूल आपोआप यजमानांच्या घरात जाते, तिथे मणीकाम करणाऱ्या स्त्रिया पाहते, ढोल ऐकते. उन्हाळ्यात अडाका हा आदिवासी कलांचा महोत्सव होतो आणि संपूर्ण युकॉनमधील कलावंत तिथे काम करताना पाहायला मिळतात. त्यांच्याशी बोलण्यासाठी कोणाच्या मध्यस्थीची गरज नसते.

यलोनाइफमध्ये असे एक ठळक केंद्र नाही, पण रोजच्या जीवनात आदिवासी भाषा आणि माणसे अधिक आहेत. नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या अधिकृत भाषा ११ आहेत आणि त्यांपैकी नऊ आदिवासी भाषा आहेत; रेडिओवर त्यांतील अनेक भाषांतून बातम्या लागतात. विधानसभेत पक्षच नाहीत. निवडून आलेले सदस्य आपसात विचारविनिमय करून नेता निवडतात आणि या पद्धतीवर आदिवासी परंपरेचा प्रभाव मानला जातो. प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर या वस्तुसंग्रहालयात मूसच्या कातड्यांची शिवलेली मोठी नाव आहे, ती मुलांना अवश्य दाखवावी. यलोनाइव्ह्ज डेने यांची न्डिलो ही वस्ती शहराला लागून आहे आणि डेटा ही दुसरी वस्ती उपसागराच्या पलीकडे आहे. उन्हाळ्यात डेटाला वळसा घालून जावे लागते, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून थेट रस्ता होतो आणि दोन गावे एकमेकांजवळ येतात. या समाजाच्या भूमीविषयक वाटाघाटी मात्र अद्याप पूर्णत्वाला गेलेल्या नाहीत, आणि हा ताण शहराच्या सार्वजनिक चर्चेत जाणवतो.

हँड गेम्स हा खेळ दोन्ही प्रदेशांत प्राणप्रिय आहे. दोन संघ समोरासमोर गुडघ्यांवर बसतात, एक संघ कांबळ्याखाली हात घालून मुठीत छोटी वस्तू लपवतो, मागे ढोल वाजत असतात, आणि समोरचा नायक केवळ हाताच्या खुणेने कोणाच्या कोणत्या मुठीत काय आहे ते ओळखतो. युकॉनमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकाच संघातून खेळतात. नॉर्थवेस्टच्या डेने समाजांत हा परंपरेने पुरुषांचा खेळ आहे आणि मुलींच्या सहभागाविषयी तिथे मनापासून चर्चा चालू आहे. पाहुण्याने ती ऐकावी. तिच्यात मत देण्याची घाई करू नये.

दोन्ही यजमान समाज आज एकसारखे दुःख सोसत आहेत. युकॉन नदीतील चिनूक सामन इतका घटला, की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी सात वर्षे त्याची मासेमारी थांबवण्याचा करार केला. व्हाइटहॉर्सच्या धरणाशेजारी माशांना चढून जाण्यासाठी बांधलेली लांब लाकडी पायरीवाट आहे, तिथे पूर्वी लोक उत्साहाने मासे मोजायला जात. यलोनाइफच्या उत्तरेकडील बॅथर्स्ट कॅरिबूंचा (रानटी रेनडिअरचा) कळप १९८० च्या दशकात साडेचार लाखांहून मोठा होता, तो आता काही हजारांवर आला आहे. मासेमारीचे तळ आणि शिकारीचे तळ म्हणजे या समाजांच्या शाळा होत्या. आजी नातवाला भाषा तिथे शिकवत असे. व्हाइटहॉर्सला गेलात तरी आणि यलोनाइफला गेलात तरी, तुमच्या ओळखीच्या आदिवासी कुटुंबाच्या बोलण्यात हा विषय निघेल, आणि त्या वेळी आपल्याला त्याची माहिती असणे ही किमान आदराची खूण आहे.

मुलांचा विचार

मुलांसाठी खेळात पुढे जाण्याची संधी दोन्हीकडे दक्षिणेपेक्षा जास्त आहे. १९६७ मध्ये क्वेबेकमधील राष्ट्रीय हिवाळी स्पर्धांत उत्तरेकडील खेळाडूंचा निभाव लागला नाही, म्हणून १९७० मध्ये यलोनाइफ येथे आर्क्टिक हिवाळी खेळ सुरू झाले. २०२६ च्या खेळांचे यजमानपद व्हाइटहॉर्सकडे आले. त्यात हॉकी, स्की, बॅडमिंटन यांबरोबर उंच टांगलेल्या लक्ष्याला उडी मारून पायाने स्पर्श करण्यासारखे इनुइट खेळ आणि काठी ओढण्यासारखे डेने खेळ असतात. ४० हजार लोकसंख्येच्या प्रदेशातून संघ निवडला जात असल्यामुळे नियमित सराव करणाऱ्या मुलाची निवड होणे ही आवाक्यातील गोष्ट असते. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील इनुविक गावातील शर्ली आणि शॅरन फर्थ या ग्विचिन आदिवासी समाजातील जुळ्या बहिणी १९७२ ते १९८४ या काळात चार ऑलिंपिकमध्ये स्कीइंग करून आल्या, हे उत्तरेतील प्रत्येक प्रशिक्षक मुलांना सांगतो. स्कीइंगसाठी व्हाइटहॉर्स सरस आहे. नाटक, चित्रपट महोत्सव आणि संगीत यांसाठीही युकॉन आर्ट्स सेंटरमुळे व्हाइटहॉर्सला थोडी आघाडी आहे, आणि २०२० पासून तिथे विद्यापीठही आहे.

आपली माणसे

दोन्ही शहरांत फिलिपिनो समाज मोठा आणि संघटित आहे, भारतीय समाज त्याहून लहान पण वाढता आहे, आणि त्यात पंजाबी, गुजराती, मल्याळी अशी सरमिसळ असते. टोरंटोच्या मराठी मंडळासारखा गणेशोत्सव किंवा नाट्यप्रयोग इथे अपेक्षू नये. गणपती घरी बसेल, आरतीला येणारी निम्मी माणसे मराठी नसतील, आणि मोदकाची उकड जमली नाही तरी कोणाला कळणार नाही. ज्यांना मराठीचे वातावरण मुलांना बाहेरून मिळावे असे वाटते, त्यांनी या प्रदेशात न जाणेच योग्य ठरेल. ज्यांची ते घरातून देण्याची तयारी आहे, त्यांना छोट्या गावाचा लाभ होतो, कारण तिथे एका कुटुंबाने पुढाकार घेतला तरी सण उभा राहतो आणि गाव त्यात येते. इनुविकच्या मोजक्या मुस्लिम कुटुंबांनी २०१० मध्ये विनिपेगमध्ये बांधलेली मशीद ट्रकने आणि तराफ्याने ४,००० किलोमीटरहून अधिक अंतर पार करून आपल्या गावी आणली, हे उत्तरेतील सर्व स्थलांतरित कुटुंबांना ठाऊक असलेले उदाहरण आहे.

यलोनाइफच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. हिऱ्यांच्या खाणी उतरणीला लागल्या आहेत आणि डायव्हिक खाणीतील उत्पादन २०२६ मध्ये थांबवण्याचे नियोजन झाले होते, त्यामुळे शहराच्या पुढील काळाविषयी अनिश्चितता आहे. माणसे येतात आणि जातात. जिवलग झालेले कुटुंब दोन वर्षांनी सामान बांधते, आणि मुलांना याची सवय करून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यामुळे संपूर्ण शहर रिकामे करावे लागले आणि सुमारे २० हजार लोक तीन आठवडे घराबाहेर होते. अशा प्रसंगातून शेजाऱ्यांची नाती घट्ट झाली असली, तरी वृद्ध आईवडिलांना सोबत नेणाऱ्याने ही शक्यता गृहीत धरून चालावे. १९९२ च्या जायंट माइनमधील संपात नऊ कामगारांचा बळी घेणारा स्फोट झाला होता आणि त्या वेळी गावात पडलेली फूट जुन्या रहिवाशांच्या मनात अजून ताजी आहे. नवागताने त्या विषयावर सहज गप्पा मारू नयेत.

निर्णयाकडे येताना माझे मत असे. ज्या घरात निदान एकाला तरी डोंगर, सायकल किंवा स्की यांची मनापासून ओढ आहे, ज्यांना आपल्या वेळेने आणि आपल्या मर्जीने माणसांत मिसळायचे आहे, ज्यांच्यासोबत वृद्ध माणसे किंवा अगदी लहान मुले आहेत आणि ज्यांना दहा वर्षे एका जागी राहायचे आहे, त्यांनी व्हाइटहॉर्स निवडावे. व्हाइटहॉर्स विस्ताराने मोठे आणि विखुरलेले आहे, त्यामुळे घरात दोन गाड्या लागतील, आणि पहिला हिवाळा एकटेपणाचा जाऊ शकतो. तिथे ओळखी सामायिक छंदातून होतात आणि छंदाला वेळ लागतो. ज्यांना गाणे, नाटक, स्वयंपाक किंवा सुतारकाम यांतील काही येते आणि ते चारचौघांत करायला आवडते, ज्यांना दार वाजवून आत येणारा शेजारी हवा आहे, ज्यांना एका आदिवासी भाषेशी तरी तोंडओळख करून घ्यायची आहे आणि तीव्र थंडीची भीती नाही, त्यांना यलोनाइफ दोन-चार वर्षांसाठी का होईना, अधिक भरभरून देईल. तिथे नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात कोणत्या तरी समितीवर बोलावणे येते. ते टाळणाऱ्याला मात्र यलोनाइफ फार लहान आणि फार थंड वाटू लागते.

शक्य असेल तर होकार कळवण्यापूर्वी एकदा जाऊन यावे, आणि जुलैत जाऊ नये. जुलैत दोन्ही शहरे मनमोहक असतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. व्हाइटहॉर्सला नोव्हेंबरच्या अखेरीस जावे, एक संध्याकाळ कॅनडा गेम्स सेंटरमध्ये आणि एक सकाळ क्वानलिन डुन केंद्राच्या वाचनालयात घालवावी, आणि आपल्या जोडीदाराचा चेहरा तिथे खुलतो का ते पाहावे. यलोनाइफला फेब्रुवारीत जावे, जेव्हा स्नोकिंगच्या किल्ल्याचे बांधकाम चालू असते. बांधणाऱ्यांना विचारून तासभर हात लावावा, मग बर्फाच्या रस्त्याने डेटापर्यंत जाऊन यावे, आणि उणे ३० अंशांत मुले किती वेळाने परत फिरू म्हणतात याची नोंद करावी.